आधी नाव सांग, मग बोल

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप गटावर एक फोटो आला. पाण्याच्या उंच टाकीच्या खांबावर पांढऱ्या चौकोनात निळ्या रंगाने 'टाकी धुतल्याचा दिनांक' असे लिहिलेले असते. त्यापुढची तारीख साडेसात महिने जुनी होती आणि फोटोखाली एवढीच ओळ होती : 'हे बरोबर आहे का?' पाठवणाऱ्याचा नंबर कोणाच्याही फोनमध्ये जतन केलेला नव्हता, त्यामुळे नंबराशेजारच्या नागमोडी रेघेपुढे त्याने किंवा तिने स्वतः घेतलेले नाव तेवढे दिसत होते : 'खारं पाणी'. आमचे गाव पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात येते, म्हणजे जमिनीखालचे पाणीच खारे, तेव्हा या नावातली खोच कोणाला समजावून सांगावी लागली नाही. पहिले उत्तर मात्र टाकीविषयी आले नाही. 'तू कोन व्हय बे? आंधी नाव सांग, मंग बोल,' असे ते होते. पुढच्या दोन दिवसांत दीडशेच्या वर संदेश पडले. त्यांतले टाकीचे नाव काढणारे मी मोजले, ते अकरा भरले. तिसऱ्या दिवशी गटाच्या चालकांनी नियम जाहीर केला की, ज्याला गटात राहायचे असेल त्याने आधार कार्डावरचे संपूर्ण नाव आणि स्वतःचा फोटो लावावा, अन्यथा त्याला काढून टाकण्यात येईल.

याच वादाची मोठी आवृत्ती देशभर चालू असते. समाजमाध्यमांवरची खाती आधारशी जोडावीत ही मागणी मद्रास उच्च न्यायालयातून निघून २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेली होती. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या समाजमाध्यमांना, म्हणजे ज्यांचे नोंदणीकृत वापरकर्ते ५० लाखांहून अधिक आहेत त्यांना, ज्याची इच्छा असेल त्याला आपली ओळख पडताळून घेता यावी अशी सोय ठेवण्यास सांगितले. चर्चेत यातले 'ज्याची इच्छा असेल त्याला' हे शब्द नेमके गळून पडतात. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजू टोपणनावाला बुरखाच समजतात; एकीला तो फाडायचा असतो आणि दुसरीला तो घालण्याचा हक्क हवा असतो. माझे मत या दोहोंहून वेगळे आहे, आणि ते आधीच सांगून टाकतो. आमच्यासारख्या गावात ऑनलाइन घेतलेले नाव हे बहुतेकांच्या आयुष्यातले स्वतः निवडलेले पहिलेच नाव असते. ते माणसाला जेवढे झाकते त्याहून कितीतरी अधिक उघडे करते. सभ्य बोलण्याची हमी द्यायची ताकद कागदावरच्या नावात नाही. एकच नाव वर्षानुवर्षे चालवले आणि त्याची पत सांभाळावी लागली, म्हणजे ती हमी थोडीफार मिळते. म्हणून आधारवरच्या नावाची सक्ती मला अन्यायाची वाटते, आणि त्याहून अधिक निरुपयोगी वाटते.

गेली बारा वर्षे मी गावात ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे केंद्र चालवतो. लोक आपला ईमेल विसरतात आणि चार महिन्यांनी यादी लागण्याच्या दिवशी घामाघूम होऊन येतात, म्हणून मी एका दोनशे पानी वहीत तो लिहून ठेवतो. (पासवर्ड लिहीत नाही, लोकांनी आग्रह केला तरी.) वहीच्या डाव्या रकान्यात आधारवरचे नाव आणि उजव्या रकान्यात ईमेल. यातला डावा रकाना खाडाखोडीने भरलेला आहे. ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिले गेले आहे. वानखडेचे कुठे वानखेडे झाले आहे. सातबारावरचा 'गजाननराव' बँकेत नुसता 'गजानन' असल्यामुळे पीएम किसानचा २,००० रुपयांचा हप्ता अडला आहे. २०२४ च्या पावसाळ्यात लाडक्या बहिणींचे अर्ज भरताना मी हैराण झालो होतो, कारण एकाच बाईचे शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे आणि बँकेच्या पासबुकावर दोहोंची खिचडी. लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीने जे नाव लिहिले गेले, ते चौथेच. यांपैकी तिचे खरे नाव कोणते? उजव्या रकान्यात मात्र खाडाखोड क्वचितच सापडते. तिथले नाव माणसाने स्वतः जुळवलेले असते आणि त्यातले अक्षर अन् अक्षर त्याला तोंडपाठ असते.

ही नावे लोक कशी निवडतात, हे एखाद्या दुपारी माझ्या खुर्चीवर बसून पाहण्यासारखे आहे. पोराने पहिल्यांदा स्वतःचे नाव टाकले की यंत्र सांगते, हे नाव आधीच कोणीतरी घेतले आहे. मग तो जन्मसाल जोडून पाहतो, तेही गेलेले असते. मग गाडीच्या पाटीवरचा अकोल्याचा एमएच-३० मधला ३० जोडतो. आणि मग एकदम खुर्चीवर सरसावून बसतो, कारण आता आपल्याला काहीही होता येते हे त्याच्या ध्यानात आलेले असते. चौदाव्या वर्षी 'किलर', 'किंग', 'रॉयल' याच्या पलीकडे सहसा कोणी जात नाही. पब्जीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली आणि फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये. खेळ गेले, पण त्या खेळांसाठी घेतलेली नावे शिष्यवृत्तीच्या अर्जांत तशीच राहिली. असाच एक 'किलर' परवा पोलीस भरतीचा अर्ज भरायला आला. मी म्हटले, नवीन ईमेल काढू या, हे बरे दिसत नाही. तो लाजला, पण म्हणाला, ''राहू द्या भाऊ, सारं त्याच्यावरच हाय.'' चौदाव्या वर्षीचा तो आचरटपणा त्याने आठ वर्षे निभावला होता आणि त्यावर त्याची दहावी, बारावी, बँक, सगळे उभे होते. पंचविशी ओलांडलेल्यांची नावे निराळी असतात. निवडणूक सहा महिन्यांवर आली की दोनचार 'भावी सरपंच' उगवतात. आणि चाकणच्या कारखान्यात कामाला गेलेला, ज्याच्या घरचे वावर बहिणीच्या लग्नात विकले गेले, तो पोरगा स्वतःला 'धुऱ्यावरची', म्हणजे शेताच्या बांधावरची, 'बाभूळ' म्हणवतो. त्याच्या आधार कार्डावर अजून गावचाच पत्ता आहे. त्या पत्त्यावरून तो कुठे आहे तेवढेही कळत नाही. तो काय गमावून बसला आहे, हे मात्र त्याच्या टोपणनावातल्या दोन शब्दांत कळते.

बायकांच्या नावांची चेष्टा गावात सर्वांत जास्त होते, आणि तीच मला सर्वांत विचार करायला लावतात. मुली आडनाव गाळतात, एखाद्या फुलाचे नाव घेतात. लग्न झालेल्या पुष्कळजणी 'अमक्याची आई' होतात. स्वतःचे नाव सोडून पोराच्या आड काय लपता, असे सुशिक्षित लोकही म्हणताना मी ऐकले आहे. मग राम गणेश गडकरी आपल्या धाकट्या भावाच्या, गोविंदाच्या, आड का उभे राहिले? गोविंदाग्रज म्हणजे गोविंदाचा थोरला भाऊ. कुसुमाग्रज म्हणजे कुसुमचा थोरला भाऊ. केशवसुत म्हणजे केशवाचा मुलगा. मराठी कवितेतली ही तीन मोठी नावे अगदी 'आर्यनची आई' याच घडणीची आहेत. संस्कृत शब्दात बांधले की ते काव्यनाम होते आणि मराठीत सांगितले की भित्रेपणा होतो, हा न्याय कुठला? गडकऱ्यांनी १९१९ साली शेवटचा श्वास घेतला तो आमच्या विदर्भात, सावनेरला. मलकापूरला जन्मलेल्या नारायण मुरलीधर गुप्ते यांनी 'बी' या एका अक्षरावर सगळी कविता लिहिली, मूर्तिजापूरचे आत्माराम रावजी देशपांडे 'अनिल' झाले आणि नागपूरचे माणिक गोडघाटे 'ग्रेस'. यांपैकी कोणाला कोणी म्हटले नाही की, आधी आधार दाखव, मग चाफ्याविषयी बोल.

गावाला टोपणनाव अपरिचित आहे असे जे मानतात, त्यांनी कधी गावात पत्ता विचारलेला नसावा. शेगाव जवळ असल्यामुळे आमच्याकडे घरटी एक गजानन सापडतो. लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या पाहुण्याने 'गजाननभाऊंचं घर कोणतं' असे पारावर विचारले, तर त्याला उलट विचारतात, ''कोनता गजानन? टेलर, लांब्या, का बंबीवाला?'' कागदावरच्या नावाने गावात माणूस सापडत नाही, म्हणून गावाने स्वतःची नावे पाडली. पण ही नावे दुसऱ्यांनी दिलेली असतात, आणि बहुधा व्यंगावरून, धंद्यावरून, नाहीतर एखाद्या फजितीवरून. एका बैलाने पाडल्यामुळे पडलेले नाव माणसाच्या सरणापर्यंत जाते. आईबापांनी दिलेल्या नावांतही माणसाची मर्जी कुठे असते? मूल जगावे म्हणून दगडू, कचरू. मुलगी नको होती म्हणून नकुशी. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली, तेव्हा त्यांच्या दाखल्यावरचे 'खरे' नाव हाच अपमान होता हे सरकारनेही मान्य केले. नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झालेल्या धम्मदीक्षेनंतर आमच्या भागात सिद्धार्थ, गौतम, मिलिंद, संघमित्रा ही नावे वाडीवस्तीपर्यंत पोचली, त्यामागेही हीच जाणीव होती की, दुसऱ्यांनी ठेवलेले नाव टाकून स्वतः निवडलेल्या नावाने जगाला हाक मारायला लावणे ही काही लपण्याची गोष्ट नसते.

विदर्भाच्या बाबतीत याहून मोठा पुरावा प्रत्येक पदवीधराच्या घरात भिंतीवर टांगलेला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांना लोकांनी त्यांच्या हातातल्या मडक्यावरून गाडगेबाबा म्हटले. यावलीच्या माणिक नावाच्या मुलाला वरखेडच्या आडकोजी महाराजांनी तुकड्या म्हटले, आणि त्या मुलाने ते नाव इतके आपले केले की पुढे भजनांच्या शेवटी 'तुकड्या म्हणे' अशी सही टाकली. (विदर्भातले दोन माणिक, एक तुकड्या झाला आणि एक ग्रेस, जन्मनाव कोणाच्या लक्षात आहे?) आज १९२३ साली स्थापन झालेले नागपूरचे विद्यापीठ एका टोपणनावाने ओळखले जाते आणि १९८३ साली स्थापन झालेले अमरावतीचे दुसऱ्या टोपणनावाने. आमच्या गटात ज्या प्राध्यापक महाशयांनी 'टोपणनाव म्हणजे बेजबाबदारपणा' असे लिहिले, त्यांच्या पदवीवर गाडगेबाबांचे टोपणनाव छापलेले आहे.

आता विरोधी बाजूचे जे खरोखर वजनदार आहे ते मान्य करायला हवे, कारण टोपणनावाचे समर्थक ते टाळतात. टोपणनावाआडून बायकांना घाणेरडे संदेश पाठवले जातात, आणि ज्याला आपण पकडले जाणार नाही असे वाटते तो अधिक घाण होतो, हे मी नाकारत नाही. दोन वर्षांपूर्वी बारावीतली एक मुलगी वडिलांबरोबर केंद्रात आली होती. कोणीतरी तिच्या नावाने, तिचा फोटो लावून खाते उघडले होते आणि त्यावरून गावातल्या मुलांशी बोलत होते. वडील खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते, बसले नाहीत. ती तक्रार मीच टाइप केली. असे काही पाहिल्यावर 'सगळ्यांची ओळख पटवा' असे वाटणे साहजिक आहे.

पण ते खाते पुन्हा एकदा नीट पाहा. त्यावर मुलीचे संपूर्ण नाव होते आणि तिचा खरा फोटो होता. आमच्या गटाचा नवा नियम त्या खात्याने तंतोतंत पाळला असता! फसवणूक करणाऱ्याला टोपणनाव नकोच असते, त्याला दुसऱ्याचे खरे नाव हवे असते. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून जो उभा राहिला, ज्याच्या बंडाने नाना फडणिसांची झोप उडाली आणि ज्याला १७७६ साली पुण्यात देहान्त शिक्षा झाली, त्याने काही नवे नाव शोधून काढले नव्हते. त्याने त्या काळातले सर्वांत वजनदार खरे नाव उचलले होते. मराठीने त्याला तोतया म्हटले. टोपणनाव आणि तोतयेगिरी यांत फरक करण्याएवढी आपली भाषा तेव्हाही शहाणी होती आणि आजचा कायदाही तो करतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड नुसार संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होतो. कवीला, 'खारं पाणी'ला किंवा 'किलर'ला त्या कलमात जागा नाही. शिवाय व्हॉट्सॲपवर नंबर सगळ्यांना दिसतो आणि सिमकार्ड कागदपत्रांवाचून मिळत नाही. पोलिसांना हवे असल्यास 'खारं पाणी' कोण हे शोधणे अवघड नाही. कायद्यापासून ते नाव लपलेले नाहीच. ते शेजाऱ्यापासून लपलेले आहे, आणि शेजाऱ्यापासून थोडे लपता येणे ही गावातल्या माणसाची जुनी गरज आहे. (दोघांनी तो नंबर ट्रूकॉलरवर टाकून पाहिला. तिथे तो 'सिलेंडरवाला अर्जंट' निघाला, म्हणजे पुन्हा दुसऱ्या कोणी ठेवलेले टोपणनावच.)

अफवांचेही असेच आहे. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. त्या आधी मुले पळवणाऱ्यांच्या अफवा व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरत होत्या. त्या कोणाकडून येत होत्या? मेहुण्याकडून, मास्तरांकडून, शेजारच्या दुकानदाराकडून. अफवेला बळ मिळते ते ती ओळखीच्या नावाने येते म्हणून. 'खारं पाणी' अशा अनोळखी नावाने कोणी काही सांगितले, तर माणूस निदान एकदा विचारतो की, हे खरे कशावरून? तो संशय ओळखीच्या नावापुढे गळून पडतो. आमच्या गटात गेल्या वर्षभरात सर्वांत गलिच्छ शिवी ज्याने दिली, त्याच्या नावात वडिलांचे नाव, आडनाव आणि पक्षाचे पद होते आणि फोटोत तो पुढाऱ्याशेजारी हात जोडून उभा होता.

या वादात जे कोणी बोलत नाही ते आडनावाविषयी. 'संपूर्ण नाव लिहा' हे वाक्य ज्याला निरागस वाटते, त्याचे आडनाव त्याला कधी महाग पडलेले नसते. आमच्या भागात वानखडे, इंगळे, राऊत ही आडनावे एकाहून अधिक जातींत आहेत, त्यामुळे आडनाव सांगूनही सुटका होत नाही, 'कोनते इंगळे?' हा प्रश्न येतो, आणि तो टाळला तर 'कोन्या पुऱ्यातले?', म्हणजे कोणत्या वस्तीतले, हा. दोन प्रश्नांत माणूस कुठे बसवायचा ते ठरते. टाकी धुतली नाही, हे वाक्य एका पुऱ्यातून आले तर तक्रार ठरते, दुसऱ्या पुऱ्यातून आले तर 'हे लोक असेच' ठरते, आणि हरलेल्या गटाच्या आडनावाने आले तर राजकारण ठरते. सुनेने म्हटले तर तिच्या सासऱ्याला पारावर बोलावून विचारतात. तारखेत मात्र त्याने काही फरक पडत नाही. ती साडेसात महिने जुनीच राहते. 'खारं पाणी' या नावाला जात नव्हती, पुरा नव्हता, सासर नव्हते. म्हणूनच त्या फोटोला उत्तर देताना टाकीविषयीच बोलावे लागले असते. आणि ते बोलायचे नव्हते, म्हणून नाव हवे होते.

सक्ती करून पाहिलेली नाही असेही नाही. दक्षिण कोरियाने २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांची ओळख पडताळणे कायद्याने बंधनकारक केले होते. हेतू आमच्या गटचालकांसारखाच चांगला होता. लोकांनी परदेशी संकेतस्थळांची वाट धरली, आणि २०११ साली तिथल्या दोन बड्या संकेतस्थळांवरून सुमारे साडेतीन कोटी वापरकर्त्यांची माहिती चोरीला गेली. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने एकमताने तो कायदा रद्द केला. बेकायदा मजकूर त्यामुळे लक्षणीय घटल्याचे दिसत नाही, हे त्यामागचे एक कारण होते. गूगलनेही २०११ साली आपल्या नव्या समाजमाध्यमावर खऱ्या नावाचा आग्रह धरला आणि तीन वर्षांत तो सोडला.

उरतो तो धैर्याचा मुद्दा, आणि माझ्या मते विरोधकांचा सर्वांत सच्चा मुद्दा तोच आहे. 'कर नाही त्याला डर कशाला?' सत्याग्रही नाव लपवत नाही. लोकनायक अणे १९३० साली पुसदला जंगलचा कायदा मोडायला गेले ते सांगून-सवरून गेले. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी बंदी असलेले कपाशीचे बियाणे दिवसाढवळ्या पेरले, तेव्हा कोणी तोंडाला रुमाल बांधला नव्हता. नावाने बोललेल्या शब्दाला जे वजन येते ते टोपणनावाला येत नाही, हे मी विनाअट मान्य करतो. मात्र त्या शेतात हजार माणसे होती, मागे संघटना होती, समोर कॅमेरे होते. जिच्या मागे कोणी नाही, तिच्याकडून तेच धैर्य मागणे सोपे असते. ते मागणारा स्वतः गर्दीत उभा असतो.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' छापली ती स्वतःच्या नावाने. त्यांच्यावर जे तुटून पडले त्यांना जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मधून फटकारले, पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. दुसरीकडे, सरकारी नोकरीत असलेल्या गोपाळ हरि देशमुखांनी १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये स्वजातीच्या दोषांवर कोरडे ओढले ते 'लोकहितवादी' या नावाने, एक-दोन नव्हे, शंभरावर पत्रे. एकाच शतकातली, एकाच भाषेतली दोन बंडखोर माणसे. ज्याच्या हाती सत्ता होती, नोकरी होती, पुरुषपण होते त्याने टोपणनाव घेतले, आणि जिच्याकडे यातले काहीच नव्हते ती उघड्यावर उभी राहिली. भित्रा कोण, हे ठरवायला मी बसलेलो नाही. मला फक्त असे वाटते की ताराबाईंनी टोपणनाव घेतले असते आणि त्यापायी आपल्याला आणखी दोन पुस्तके मिळाली असती, तर मराठीचे काही बिघडले नसते. हा जुना काळ झाला असे म्हणावे, तर नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन तरुण मुलींना अटक झाली. एकीने बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या होत्या आणि दुसरीने त्या आवडल्याचे बटण दाबले होते. दोघीही स्वतःच्या नावाने होत्या. ज्या कलम ६६ अ खाली ती कारवाई झाली, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. अटक मात्र रद्द होत नसते.

मग गटाने काय करावे? नाव कोणतेही घ्या, पण ते दर आठवड्याला बदलू नका, एवढा नियम मला पुरेसा वाटतो. गावातला 'बंबीवाला' चाळीस वर्षे बंबीवालाच आहे. त्याने उधारी बुडवली तर बदनाम होतो तो बंबीवाला, आधारवरचा गजानन नव्हे. नाव टिकले की त्याला पत येते, पत आली की ती जाण्याची भीती येते, आणि गावातला बहुतेक सभ्यपणा याच भीतीवर चालतो. शिवी दिली तर शिवीबद्दल काढा, तोतयेगिरी केली तर पोलिसांत द्या. हे मी गटावर लिहिले होते, माझ्या संपूर्ण नावाने. त्यावर एक अंगठा आला आणि एक प्रश्न, की तुम्हाला 'खारं पाणी' माहीत असेल, तुमच्या वहीत असेल. वहीत काय आहे ते मी इथेही सांगणार नाही.

ठरल्याप्रमाणे नियम लागू झाला आणि 'खारं पाणी'ला काढून टाकण्यात आले. पोळा झाल्यावर चार दिवसांनी मी टाकीवरून जात होतो, तेव्हा खांबावरची तारीख बदललेली दिसली. रंग ताजा होता, एका आकड्याचा ओघळ खाली आला होता, आणि तारीख होती पोळ्याच्या दिवसाची. पोळ्याचे तोरण आमच्याकडे टाकीखालच्या मैदानातच बांधतात. त्या दिवशी दुपारपासून अंधार पडेपर्यंत अख्खे गाव बैलांसह तिथे उभे होते, शिडीवर कोणी चढल्याचे कोणी पाहिले नाही, आणि सकाळी नळाला नेहमीच्या वेळी नेहमीएवढे पाणी आले होते. तिथून जाणाऱ्या प्रत्येकाने ती तारीख वाचली असणार. गटावर त्याविषयी अजून एकही संदेश आलेला नाही. तिथे आता आम्ही सगळे संपूर्ण नावाने आहोत.